बॉल पायथन घरी आणलाय? पहिला महिना असा काढा

आमचा लाडू, म्हणजे बॉल पायथन जातीच्या अजगराचं पिल्लू, घरी आला तेव्हा त्याचं वजन होतं 92 ग्रॅम, म्हणजे दिवाळीतल्या दोन बेसनलाडवांएवढं. घाबरला की डोकं आत घालून असा काही गोळा व्हायचा, की लेकीने पहिल्याच मिनिटाला नाव ठेवून टाकलं. कोलंबसमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोत, तो फेब्रुवारी महिना होता. बाहेर बर्फ, आत हीटरची कोरडी हवा. पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, नागपंचमीला चित्राची पूजा करतो आपण, खरा कुठे आणून ठेवलास?" एवढं बोलून तिने पुढचा प्रश्न विचारला तो मात्र नेमका होता: "जेवतो काय तो?"

त्या प्रश्नाचं उत्तर पुढचे पाच आठवडे "काही नाही" असंच होतं, आणि दोष माझा होता. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना दाखवायला बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी उंदीर पुढे केला. खाल्ला नाही म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा, सातव्या दिवशी पुन्हा. मधल्या वेळात "बरा आहे ना" म्हणून रोज झाकण उघडून बघणं. शेवटी साप पाळण्यात बरीच वर्षं काढलेल्या एका ओळखीच्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता दहा दिवस पाणी बदलण्यापलीकडे काहीही करू नका." अकराव्या दिवशी संध्याकाळी लाडूने उंदीर झडप घालून घेतला.

म्हणून सांगते, बॉल पायथनचा पहिला महिना म्हणजे ऐंशी टक्के काम तो यायच्या आधी करायचं आणि तो आल्यावर हात खिशात ठेवायचे.

हा प्राणी मुळात राहतो कसा

हे समजलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. बॉल पायथन (शास्त्रीय नाव पायथन रेजियस, ब्रिटनमध्ये रॉयल पायथन म्हणतात) हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. पाळीव बाजारात आलेले मूळचे साप बहुतेक घाना, टोगो आणि बेनिन या तीन देशांतून गेले. बेनिनमधल्या वीदा शहरात तर या अजगरांचं मंदिर आहे. तिथले साप वस्तीत हिंडले तर लोक त्यांना मारत नाहीत, सांभाळून परत आणून सोडतात. हे सांगितल्यावर आई जरा निवळली.

तिकडे हा साप दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर पडतो. बीळ म्हणजे काय, तर अंधार, ऊब, दमट हवा आणि चारी बाजूंनी अंगाला लागणारी भिंत. आपल्या काचेच्या पेटीत नेमक्या याच चार गोष्टी नसतात. त्या आपण पुरवायच्या.

पायरी 1: निवड, आणि विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

शक्यतो पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू घ्या आणि थेट पैदास करणाऱ्याकडून घ्या. रानातून पकडलेल्या सापांच्या अंगावर आणि पोटात परजीवी असतात, आणि ते खायला फार छळतात. पिल्लू हातात घेतल्यावर त्याने बोटांना धरून ठेवलं पाहिजे. लोंबकळत राहिलेला साप नको. डोळे स्वच्छ हवेत (कात टाकायच्या आधी ते निळसर दुधी होतात, तेवढा अपवाद). नाकातोंडाशी फेस किंवा बुडबुडे नकोत, शेपटीजवळची विष्ठेची जागा स्वच्छ हवी, पाठीचा कणा वर आलेला दिसता कामा नये. पांढऱ्या रुमालावर दोन मिनिटं ठेवून बघा: काळे ठिपके चालताना दिसले तर त्या माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक परजीवी. तो साप कितीही सुंदर असला तरी सोडून या.

रंगांच्या जातींबद्दल एकच सांगते. 'स्पायडर' नावाच्या मॉर्फमध्ये डोकं डुगडुगण्याचा, तोल जाण्याचा मेंदूशी निगडित दोष जनुकातच येतो. कमी-जास्त असतो, पण असतो. विक्रेता "हा थोडासाच हलतो" म्हणाला तर ते कौतुक नव्हे.

विचारायचे प्रश्न: अंड्यातून कधी बाहेर आला, आत्ताचं वजन किती, आतापर्यंत किती वेळा जेवला, शेवटच्या तीन जेवणांच्या तारखा काय, आणि जेवण नक्की काय होतं? छोटा उंदीर की मोठ्या जातीच्या उंदराचं पिल्लू, जिवंत की फ्रोझन? या शेवटच्या प्रश्नावर तुमचा अर्धा महिना अवलंबून आहे. चांगला विक्रेता वही उघडून दाखवतो. उत्तरं गोलमोल आली तर दुसरीकडे बघा.

पायरी 2: पेटी, साप यायच्या आधी निदान चार दिवस चालू

पूर्ण वाढलेल्या सापाला साधारण 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच पेटी लागते. मादी चार ते पाच फूट होते, नर सहसा तीन-साडेतीन फुटांवर थांबतो. पिल्लाला मोठी पेटी मानवत नाही, असं तुम्हाला ठिकठिकाणी सांगतील. अर्धं खरं आहे. पिल्लू जागेला बिचकत नाही, उघड्या मोकळ्या जागेला बिचकतं. मोठी पेटी पानं, लाकडं, बुचाच्या सालीचे तुकडे यांनी गच्च भरली तर ते खुशाल राहतं. तरीही पहिल्यांदाच साप पाळत असाल तर सुरुवातीचे काही महिने लहान पेटी सोपी जाते, कारण तिच्यात काय चाललंय ते कळतं.

आत निदान दोन लपायच्या जागा हव्यात, म्हणजे हाइड. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि शक्यतो अगदी एकसारख्या. एकच ठेवली तर बिचाऱ्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो नेहमी सुरक्षितता निवडतो; मग ऊब नाही, पचन नाही. हाइड ऐसपैस नको. वेटोळं घालून बसल्यावर पाठ छताला आणि अंग भिंतींना टेकलं पाहिजे. दुकानातली गुहेसारखी शोभेची हाइड बहुतेक वेळा फार मोठी असते. श्रीखंडाचा रिकामा डबा उपडा ठेवून कडेला दार कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या की झालं. पहिले सहा महिने लाडूचे दोन्ही महाल असेच होते. उरलेल्या जागेत चुरगळलेले कागद, टिशू पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लॅस्टिकच्या वेली टाका. दिसायला अडगळीची खोली वाटली पाहिजे.

तळाला कायमसाठी नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा सायप्रसचा भुसा चांगला. देवदार आणि पाइनचा भुसा नको. त्यातला वास सापाच्या फुप्फुसांना सोसत नाही. पण पहिले काही आठवडे मी साधा पांढरा पेपर टॉवेल अंथरायला सांगेन. माइट्स दिसतात, विष्ठा दिसते, उलटी झाली तर तीही दिसते. कागदावर दमटपणा टिकत नाही, म्हणून एका झाकणाच्या डब्यात ओलसर (पिळून काढलेलं, ठिबकणारं नव्हे) स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरून, भोक पाडून तो डबा आत ठेवून द्या. पाण्याचं भांडं जड हवं. हलकं असेल तर पहिल्या रात्रीच उलटतं.

आता उष्णता. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

गरम बाजूचं तापमान 88 ते 92 अंश फॅरनहाइट (31 ते 33 सेल्सिअस), थंड बाजूचं 76 ते 80 (24 ते 27 सेल्सिअस). रात्री थोडं उतरलं तर चालतं, पण 75 फॅरनहाइटच्या खाली नको. ऊब सिरॅमिक हीटरने द्या, डीप हीट प्रोजेक्टरने द्या, नाहीतर पेटीखालच्या हीट मॅटने द्या. पण थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला हीटर रोखणारं यंत्र) यातलं काहीही प्लगमध्ये घालू नका. पैसे वाचवायचे असतील तर शोभेच्या वस्तूंवर वाचवा. हीट मॅट नुसती चालू ठेवली तर काच सहज भाजण्याइतकी तापते, आणि साप पोटाखालून भाजत असताना पटकन उठून जात नाही. मॅट वापरत असाल तर थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये पक्का चिकटवा. वरून ऊब देणार असाल तर हीटरभोवती जाळीचा पिंजरा हवा आणि प्रोब साप बसतो त्या उंचीला. 'हॉट रॉक' म्हणून मिळणारे विजेवर तापणारे दगड विकत घेऊच नका.

काचेवर चिकटवायचे गोल काटेवाले मीटर बघायला छान, पण भरवशाचे नाहीत. तापमान आणि दमटपणा दोन्ही दाखवणारे डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर दोन घ्या, दोन टोकांना ठेवा. हवेतला दमटपणा 55 ते 65 टक्के, कात टाकायच्या दिवसांत 70च्या आसपास. मुंबईकर यावर हसतील, पण ओहायोत जानेवारीत हीटर चालू असताना आमच्या हॉलमधला आकडा 25च्या वर जात नाही. जाळीचं झाकण असेल तर सगळी वाफ तिथूनच निघून जाते. हीटरची जागा सोडून बाकी जाळी ॲल्युमिनियम फॉइलने झाका. कागद काढून भुसा घातल्यावर त्याच्या कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओता, वरून फवारत बसू नका. फवारलेलं पाणी दोन तासांत उडून जातं, आणि वरचा थर सतत ओला राहिला तर पोटाचे खवले कुजतात.

उजेड बारा तास, अंधार बारा तास. रात्री लाल-निळे दिवे नकोत. अल्ट्राव्हायोलेटचा मंद दिवा लावावा की नाही यावर पाळणाऱ्यांत वाद आहेत. मला तो लावलेला बरा वाटतो, पण पहिल्या महिन्याची ती काळजी नव्हे.

झाकणाला कुलूप हवं. वजन ठेवून भागत नाही. हा साप म्हणजे चार फुटांचा एक स्नायू आहे आणि रात्रभर त्याला दुसरं काम नसतं.

पायरी 3: आणण्याचा दिवस

कापडी पिशवीत, नाहीतर भोकं पाडलेल्या डब्यात आणा. गाडी आधी गरम करून ठेवा आणि वाटेत "पाच मिनिटं थांबून भाजी घेऊ" असं करू नका. घरी आल्यावर पिशवीचं तोंड उघडून ती हाइडच्या दारापाशी ठेवा. साप स्वतःच्या पायाने, म्हणजे पोटाने, आत जाईल. अर्धा तास लागला तरी लागू दे. झाकण लावा, कुलूप लावा, खोलीतले दिवे मंद करा आणि मुलांना घेऊन पिझ्झा खायला जा.

वजन पिशवीसकट करा आणि नंतर पिशवीचं वजा करा. ग्रॅम दाखवणारा किचनचा वजनकाटा चालतो, मात्र तो यापुढे किचनमध्ये परत जाणार नाही.

पायरी 4: पहिले सात दिवस

पाणी बदला. तापमान वहीत लिहा. बस.

या आठवड्यात तो दिवसभर हाइडमध्ये पडून असेल. ते उत्तम लक्षण आहे. रात्री अंधारात फिरेल, पाणी पिईल, जीभ लपलपवत प्रत्येक कोपरा हुंगेल; तेही उत्तम. तुम्हाला त्याचं तोंडही दिसलं नाही तरी आठवडा चांगला गेला असं समजा. बघायचंच असेल तर मोबाइलचा टॉर्च न लावता, लांबून, रात्री दहानंतर बघा.

काळजीची चिन्हं वेगळी असतात. दिवसाउजेडी सतत काचेवर नाक घासत फिरणं म्हणजे हाइड मोठी आहे, जागा उघडी आहे किंवा तापमान बिघडलंय. तासन्तास पाण्यात बसून राहिला तर आधी माइट्स शोधा (पाण्याच्या तळाशी बुडालेले काळे कण दिसतात), मग पेटी फार गरम किंवा फार कोरडी नाही ना ते बघा. कायम थंड बाजूलाच असेल तर गरम बाजू खरंच 92च्या आत आहे का, ते वेगळ्या थर्मामीटरने तपासा.

विष्ठेबरोबर पांढरे-पिवळसर, खडूसारखे खडे पडतात. घाबरू नका, ते युरेट्स, म्हणजे सापाची घट्ट लघवी.

पायरी 5: पहिलं जेवण

सात दिवस पूर्ण झाल्यावर. विक्रेता जे आणि ज्या प्रकारे देत होता तेच द्या, फक्त जिवंत सोडून. आवडीनिवडी बदलायचे प्रयोग दोन-तीन महिन्यांनी करा. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी. वजनात बोलायचं तर पिल्लाला त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, दर सात ते दहा दिवसांनी. मोठ्या सापाचं प्रमाण याहून बरंच कमी आणि अंतर जास्त, दोन ते चार आठवडे. बॉल पायथन उपाशी राहिल्याने जितके बिघडतात, तितकेच हौशी मालकांनी खाऊ घालून थुलथुलीत केल्याने बिघडतात.

जिवंत उंदीर देऊ नका. कोंडलेला उंदीर चावतो, आणि न भुकेल्या सापाला त्याने कुरतडून काढलेलं मी पाहिलेलं आहे. फ्रोझन उंदीर द्यायची पद्धत अशी: आदल्या रात्री बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये खाली काढून ठेवायचा. द्यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं ती पिशवी गरम पाण्यात बुडवायची. मायक्रोवेव्ह वर्ज्य; का ते सांगत बसत नाही, कल्पना करा. अंग बाहेरून साधारण 100 अंश फॅरनहाइट (38 सेल्सिअस) लागलं पाहिजे. बॉल पायथनच्या ओठांवर खाचा असतात, त्यातून त्याला ऊब 'दिसते'. गार उंदीर त्याच्या लेखी दगड. उंदीर कागदाने कोरडा करायचा, लांब चिमट्याने कमरेला धरायचा आणि हाइडच्या दारासमोर जिवंत उंदीर चालेल तसा हळूहळू हलवायचा. तोंडावर ढोसायचा नाही.

वेळ तिन्हीसांजेनंतरची. खोलीत टीव्ही नको, पाहुणे नकोत. जेवायला दुसऱ्या डब्यात हलवू नका. हलवाहलवीनेच भूक मरते. दहा मिनिटांत घेतला नाही तर उंदीर एका सपाट झाकणावर हाइडपाशी ठेवून दिवा घालवून निघून जा. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या. पुन्हा गोठवायचा नाही.

खाल्ल्यावर निदान 48 तास हात लावायचा नाही.

नाही खाल्लं तर

तर वहीत लिहा आणि पुढच्या प्रयत्नाआधी पुन्हा सात दिवस थांबा. हे सात दिवस म्हणजे सात, चार नव्हेत. माझा अनुभव वर सांगितलाच आहे. या मधल्या काळात फक्त व्यवस्था तपासा: दोन्ही हाइड पुरेशा घट्ट आहेत का, गरम बाजू गरम आहे का, पेटी घरातल्या रहदारीच्या वाटेवर तर नाही, कुत्रा-मांजर काचेसमोर येऊन बसतं का, स्पीकर शेजारी आहे का. डोळे दुधी झाले असतील तर कात निघेपर्यंत जेवण विसरा.

पूर्ण वाढलेला बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन्महिने जेवत नाही आणि त्याचं काही बिघडत नाही. पिल्लाला तेवढी सवलत नसते. दर आठवड्याला नव्हे, पण दोन आठवड्यांतून एकदा वजन करा. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट झाली तर डॉक्टर गाठा. लोक 'असिस्ट फीडिंग' म्हणून तोंड उघडून उंदीर आत सरकवायला शिकवतात. नवख्याने ते करू नये.

खाल्लेलं उलटून पडलं तर मात्र लगेच पुन्हा खायला देणं हा घात आहे. निदान दोन आठवडे पोटाला विश्रांती, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. दुसऱ्यांदा उलटी झाली की डॉक्टर.

हाताळणं

दोन-तीन जेवणं ओळीने झाल्यावर सुरुवात करा. आधी साप उचलायच्या आकड्याने (हुकने) किंवा कागदाच्या सुरळीने अंगाला हलकेच स्पर्श करा, म्हणजे "जेवण नाही, मी आहे" हे त्याला कळतं. मग बाजूने हात घालून अंगाच्या मधल्या भागाला आधार देत उचला. वरून डोक्याकडे हात आणू नका. वरून येतात ते शिकारी पक्षी. पहिल्यांदा पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा. जमिनीवर बसून घ्या.

मान आखडून इंग्रजी 'एस'सारखी मागे घेतली आणि फुत्कार सोडला तर आज नको म्हणतोय, परत ठेवा. चावलाच तर पिल्लाचे दात गुलाबाच्या काट्यांएवढे. ते मागे वळलेले असतात म्हणून हात हिसकू नका. सुटत नसेल तर गार पाण्याची धार धरा. मग साबणाने धुवा. तो विषारी नाही.

कात

पहिली कात बहुधा याच महिन्यात पडते. अंग मळकट दिसतं, डोळे निळसर होतात, मग दोन-तीन दिवस पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर कात निघते. एकसंध निघाली तर दमटपणा योग्य आहे. तुकड्यांनी निघाली तर कमी पडला. ओलं मॉस असलेला डबा बहुतेक वेळा काम करतो. डोळ्यांवरची चकती राहिली असेल तर नखाने काढायला जाऊ नका. पुढच्या कातीला नाही निघाली तर डॉक्टर काढतील. निघालेल्या कातीत डोळ्यांच्या दोन चकत्या आहेत का, ते मोजायची सवय लावा.

डॉक्टर

कुत्र्यामांजरांचा नेहमीचा डॉक्टर सापाला चालेलच असं नाही. 'असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड ॲम्फिबियन व्हेटरिनेरियन्स' या संस्थेच्या संकेतस्थळावर जवळचे डॉक्टर शोधता येतात. साप आणण्याआधीच नंबर काढून ठेवा, आणि पहिली विष्ठा मिळाली की तपासणीला द्या. तोंड उघडून श्वास घेणं, घरघर, नाकाशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, मान उलटी वर वळवणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. माइट्ससाठी कडुनिंबाचं तेल, कापूर, रॉकेल असले उपाय सुचवणारे नातेवाईक मिळतील. आजीबाईचा बटवा सापासाठी नाही. औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच.

घरात आधीचा साप असेल तर नवा 90 दिवस वेगळ्या खोलीत. चिमटे, भांडी वेगळी, आणि आधी जुन्याचं काम, मग नव्याचं.

आपल्या घरातल्या गोष्टी

उंदीर कुठे ठेवायचे, हा मराठी घरातला पहिला भांडणाचा मुद्दा. शाकाहारी घर असेल तर आधीच एक छोटा वेगळा फ्रीझर घ्या, संसार टिकेल. मांसाहारी घरातही वेगळा घ्या, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि या उंदरांवर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. सापाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. हाताळल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. अमेरिकेतली आरोग्य यंत्रणा, सीडीसी, पाच वर्षांखालची मुलं, 65च्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या घरी असे प्राणी नकोत असं सांगते. भारतातून आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर पेटी कोणत्या खोलीत असेल ते आत्ताच ठरवा.

देवघर आणि साप एकाच खोलीत नको. उदबत्ती, धूप, कापूर यांचा धूर, तसंच पेस्ट कंट्रोलचे फवारे आणि तीव्र रूम फ्रेशनर त्याच्या फुप्फुसांना वाईट. आणि "गळ्यात घालून एक फोटो" म्हणणाऱ्या पाहुण्यांना पहिला महिनाभर सरळ नाही म्हणा.

भाड्याच्या घरात असाल तर करारनामा वाचा, शहराचा नियम बघा. हवाईमध्ये साप पाळणं पूर्ण बेकायदा आहे.

भारतातल्या वाचकांसाठी वेगळं. आपला अजगर, नाग, धामण हे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि शेतात सापडलेलं पिल्लू "वाढवून सोडू" हाही. सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. बॉल पायथन परदेशी असला तरी तो 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. 2022च्या कायदा दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आणि 2024च्या नियमांनुसार ती केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर होते. कागदपत्रांशिवाय कोणी विकत असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

महिना संपल्यावर

कागद काढून भुसा घाला, पण हाइड त्याच ठेवा आणि त्याच जागी. एका वेळी एकच बदल. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, वजन, जेवण, कात. लाडूची वही आता तिसरी चालू आहे.

आणखी एक हिशेब याच महिन्यात करा. चांगला सांभाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात 1961 मध्ये आलेल्या एका मादीने 2020 मध्ये, वयाच्या साठीनंतर, अंडी घातली होती. म्हणजे दर डिसेंबरला भारतात जाताना हा प्रश्न येणारच. आम्ही जायच्या आठवडाभर आधी जेवण देतो, म्हणजे मागे कोणाला उंदीर गरम करावा लागत नाही. आता मोठ्या झालेल्या लाडूला तीन-चार आठवडे उपाशी राहणं जड जात नाही, पण पिल्लाला मागे ठेवून जाऊ नका. शेजारच्या मुलाला दोन दिवसांआड येऊन पाणी बदलायचं आणि थर्मोस्टॅटच्या आकड्याचा फोटो पाठवायचा, एवढंच काम. पेटीवर चिठ्ठी चिकटवलेली असते: डॉक्टरांचा नंबर, तापमानाच्या दोन मर्यादा, आणि खाली लेकीच्या अक्षरात, "झाकणाचं कुलूप लावलंस का?"